मरीआईचा गाडा बंगल्यावर

आमच्या घरात कुणाचं बोट कापलं की मला हाक मारायची पद्धत आहे, आणि मी पट्टी घेऊन पोचायच्या आत जखमी माणसाने पळून जायचीही. कारण मी बांधलेल्या पट्टीतून बोट बाहेर काढायला दुसरा माणूस लागतो. मग पोरं म्हणतात, "गाड्याची गोष्ट सांग." मी सांगते. साहेब मागच्या दाराने पळाले इथपर्यंत आले की सगळे पोट धरून हसतात, मीही हसते आणि ताटं वाढायला उठते. गोष्टीचा उरलेला भाग पोटातच राहतो. जेवताना सांगण्यासारखा तो नाही. म्हणून लिहून टाकते आहे. वाचताना कुणी जेवत असेल तर ताट बाजूला ठेवावं.

युद्धाची वर्षं होती. नगर पडलं लष्कराचं गाव, तेव्हा जपानी विमानं पहिली आपल्याच डोक्यावर येणार याबद्दल आमच्या गल्लीत कुणाला शंका नव्हती. मुलींसाठी प्रथमोपचाराचा वर्ग निघाला. मी त्रिकोणी पट्टीचे सगळे प्रकार शिकले. सराव वडिलांवर चाले. हनुवटीची पट्टी बांधली की त्यांना बोलता येत नसे, म्हणून आईला तो वर्ग फार आवडे. पण बॉम्ब काही पडला नाही. आली ती पटकी. आणि तीही नगरात नव्हे, शेवगावच्या पुढे उघड्या माळावर, दुष्काळी कामावर.

पावसाने ओढ दिलेली. सरकारने रस्त्यासाठी खडी फोडायचं काम काढलं होतं आणि गावोगावची माणसं चिंध्यांची पालं ठोकून तिथे राहत होती. आमच्या गल्लीतले एक म्हातारे डॉक्टर पेन्शनीत निघालेले होते. स्वयंपाकघरात मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारे. ते म्हणाले, येणाऱ्यांनी उद्या सकाळी मोटारीवर यावं. माझ्याबरोबर आणखी दोघी होत्या. त्या पहिल्या उलटीला परत गेल्या. मीही गेले असते, पण मोटारीत जागा दोघींचीच होती. माझ्या शौर्याचा उगम हा एवढाच.

दवाखाना म्हणजे तट्ट्यांचं लांबट खोपट. आधी त्यात फावडी-घमेली ठेवत. आता माणसं होती, जमिनीवर, एकाचं डोकं तर दुसऱ्याचे पाय अशी, पाऊल टाकायला जागा नाही. एकाला ओलांडूनच दुसऱ्याकडे जावं लागे. ओलांडलं की माणसाची वाढ खुंटते असं आमच्याकडे मानतात, म्हणून मी प्रत्येकाला ओलांडताना "पाया पडते हं" असं पुटपुटत असे. यात निम्मा दिवस जाई.

"बाई, वाढीचं ऱ्हाऊ द्या," दारातून एक आवाज आला. "आदी जगू तर द्या त्यास्नी."

ती आक्का. खडी फोडणारी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, हातोड्यासारखी बारीक आणि टणक. सगळं काम तिला आक्का म्हणे, मीही म्हणू लागले. हातोडा बसून तिचा अंगठा ठेचला होता आणि अख्ख्या माळावर माझ्या विद्येला योग्य अशी ती एकच जखम होती. मी जीव ओतून पट्टी बांधली. अंगठा, मनगट, कोपर, जाता जाता खांदाही. दुसऱ्या दिवशी आक्का त्याच पट्टीची चुंबळ डोक्यावर घेऊन, वर पाण्याची घागर ठेवून आली.

"लई चांगली हाय," म्हणाली. "अजाबात घसरत न्हाई."

तेव्हापासून दुपारची सुट्टी झाली की ती दवाखान्यात यायची. चुलीवर पाणी उकळायची, माणसं उलथीपालथी करायला हात लावायची, आणि मला शिव्या घालायची.

पटकीचं औषध म्हणजे पाणी. बाकीचं सगळं डॉक्टरांच्या भाषेत 'मनाचं समाधान'. शरीरातलं पाणी निघून जातं, माणूस चिंचोक्यासारखा आटतो, डोळे खोल जातात, आवाज बसतो. ते पाणी परत घालायचं. तोंडाने राहत नसेल तर शिरेतून. त्यासाठी मिठाच्या तयार गोळ्या वरून यायच्या होत्या. रोज यायच्या होत्या. तोवर डॉक्टर सोनाराच्या काट्यावर मीठ तोलत, उकळलेल्या पाण्यात विरघळवत, गाळत, काचेच्या सुरईत भरत.

आणि पाणी आणायचे चाचा. त्यांचा हल्या, म्हणजे रेडा, घोडेगावच्या बाजारातून घेतलेला. त्याच्या पाठीवर कातड्याची पखाल टाकून चाचा गावच्या विहिरीवरून खेपा करत. "आमचा हल्या डॉक्टरसायबापेक्षा शाना हाय," ते म्हणत. "बोलत न्हाई, पन येळेवर येतो."

त्या दिवशी हल्या वेळेवर आला. पखाल मात्र रिकामी, दोन्ही बाजूंनी लोंबणारी.

"गावानं शीव बांदली बेटा," चाचा म्हणाले. "पाटलाच्या आळीत दोन मानसं गेली. आज मरीआईचा गाडा काडनार. आता कुनी आत न्हाई, कुनी भाईर न्हाई. माजी बालदी इहिरीवरनं उचलून भाईर फेकली."

"किती दिवस?"

"देवीचं मन भरस्तोवर."

रांजणाच्या तळाशी ओंजळभर पाणी होतं. खोपटात माणसं मोजायला मला कधीच जमलं नाही, कारण मोजेपर्यंत आकडा बदले. आणि त्याच सकाळी कामावर न जाता चुलीपाशी येऊन बसलेली आक्का भिंतीला धरून उठली, कशीबशी तट्ट्याच्या मागे गेली, ती परत आली नाही. आम्ही उचलून आणली. येताना म्हणाली, "मला ओलांडू नगा हां बाई. मला अजून वाडायचं हाय."

माळावर दुसरी विहीर होती. खडीच्या कामावरचे जे ओव्हरसियर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते पलीकडे सरकारी बंगल्यात उतरत. आवारात बांधीव विहीर. विहिरीवर फळ्यांचं झाकण, झाकणाला साखळी, साखळीला कुलूप. पाणी काचेसारखं, असं माळी सांगे. आम्ही पाहिलेलं नव्हतं.

डॉक्टर निघाले. मला म्हणाले, "चल. मी ओरडायला लागलो की माझा कोट ओढ."

साहेबांनी आम्हाला व्हरांड्यात खुर्च्या दिल्या. मनुष्य सभ्य. तेच तर. उद्धट असता तर त्याला शिव्या देऊन मी केव्हाच मोकळी झाले असते.

"डॉक्टर, तुम्हाला मी काय सांगावं? पटकी पाण्यातून पसरते. पंचक्रोशीत ही एक विहीर शुद्ध राहिली आहे. ती मी कॅम्पाच्या घागरींनी नासू देऊ?"

"घागर बुडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "बादली तुमची, दोर तुमचा, ओढणारा तुमचा माळी. आमचा पखाली फाटकाबाहेर उभा राहील. पखालीत ओता."

"आज पखाली येईल, उद्या सगळे येतील. आणि वरिष्ठ दौऱ्यावर यायचे आहेत. मुक्काम इथेच. आंघोळीला पाणी लागेल, स्वयंपाकाला लागेल."

"आंघोळीला," डॉक्टर म्हणाले. मी कोट धरला.

"हे शास्त्र आहे, डॉक्टर. भावनेचा प्रश्न नाही. चहा घेणार ना?"

चहा आला. खोटं कशाला सांगू, मला भयंकर तहान लागली होती. मी कप उचलला. तेवढ्यात डोक्यात आलं, की हा चहा त्याच विहिरीचा. कप तसाच बशीत ठेवला. आयुष्यात मी सोडलेला तो एकच चहा आणि त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

परत आलो तर माळावरून हलगी वाजत येत होती.

गाडा म्हणजे गुडघाभर उंचीचा, लाकडी चाकांचा. त्यावर लिंबाच्या डहाळ्यांत देवीची लाकडी मूर्ती. हिरवी चोळी, बांगड्या, दहीभात, कापलेली लिंबं. पुढे पोतराज अंगावर कोरडे ओढत, मागे सारं गाव. रीत अशी, की गाव रोगराईसकट गाडा आपल्या शिवेपार ढकलतं आणि मागे न बघता परत फिरतं. पुढचं गाव तो त्याच्या शिवेपार ढकलतं. असा गाडा गावोगाव फिरत जातो. त्यांनी तो आमच्या खोपटाच्या दारापासून हातभर अंतरावर आणून सोडला, नमस्कार केला आणि वळले. त्यात परवाच इथून औषध नेलेली माणसं होती. एकानेही मान वळवली नाही. रीतच तशी.

गावाचा मला राग आला का? आला. पण त्यांच्या घरात प्रेतं होती आणि भ्यालेल्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही, दम लागतो. माझा राग वेगळाच होता. दुसऱ्या कुठल्याही गावाच्या शिवेवर गाडा आला असता तर त्या गावाने तो पुढे नेला असता, आपलं पाणी पीत पीत. आम्ही कुणाचंच गाव नव्हतो. सरकारी माळावर सरकारी खडी फोडायला जमवलेली माणसं. त्यांना शीव नव्हती, पाटील नव्हता, विहीर नव्हती. ज्याला शीव नाही त्याच्या दारात सगळ्यांनी आपापलं आणून टाकायचं. गावाने देवी टाकली, सरकारने माणसं टाकली, आणि साहेबांनी शास्त्र.

दुपारी आक्काच्या शेजारचे आजोबा गेले. पाथर्डीकडचे होते. सुई होती, नळी होती, सुरई होती, मीठ काट्यावर तोलून कागदात ठेवलेलं होतं. पाणी नव्हतं. शेवटी शेवटी ते पाणी मागत होते तेव्हा मी रांजण पुसून काढलेलं ओलं फडकं त्यांच्या ओठांना लावलं. ते म्हणाले, "आसू दे पोरी." तुझी चूक नाही, असं काही ते म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं आसू दे म्हणाले. दुष्काळी कामावरचा माणूस सगळ्यालाच आसू दे म्हणतो.

डॉक्टर मिठाच्या पुडीकडे बघत बसले. ओरडलेही नाहीत. तेव्हा मला भीती वाटली.

आक्काचे डोळे खोबणीत गेले होते, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. नाडी लागत नव्हती. आवाज घोगरा, कान तोंडापाशी न्यावा लागे.

"बाई, भाईर काय हाय?"

"मरीआईचा गाडा आणून टाकलाय."

"मग? दारात ठिवून घेतलाय व्हय?" मरायला टेकलेल्या बाईच्या आवाजात इतकी तुच्छता मावते हे मला माहीत नव्हतं. "गाडा म्होरं ढकलायचा आसतो."

"कुठे ढकलू? पुढे गाव आहे कुठं?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "म्होरं सायब हाय न्हवं?"

मी वर बघितलं. डॉक्टरांनी ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसल्यासारखं केलं आणि खिशात ठेवला.

"मी शास्त्र शिकलेला माणूस आहे," ते म्हणाले. "चष्म्याशिवाय मला बाहेरचं काही दिसत नाही. जा."

बाहेर येऊन मी गाड्याची दोरी धरली. चाचा हल्या घेऊन पुढे आले. म्हणाले, "देवी तुमची, इहीर सायबाची, पखाल माजी. चला." पालांतून माणसं निघाली, बाया निघाल्या. हलगी पोतराजाबरोबर गेलेली, म्हणून कुणीतरी रॉकेलचा डबा बडवायला घेतला. 'चांगभलं' म्हणायचं कुणी, तर दोरी धरणाऱ्याने. मी म्हटलं. ते शाळेत कविता म्हणतात तसं निघालं. मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, देवी हाय, मास्तरीन न्हाई. वरडा!" मग मी ओरडले. इतका आवाज माझ्यात कुठून आला देव जाणे. आजोबांचं फडकं अजून माझ्या खांद्यावर होतं.

बंगल्याच्या फाटकात गाडा टेकवला. साहेब व्हरांड्यात आले.

"काय तमाशा आहे हा? मी असल्या गोष्टी मानत नाही!"

"चांगलंच आहे," मी म्हटलं. "मग इथेच राहू द्या. जागा शुद्ध आहे."

"मी शिकलेला मनुष्य आहे!"

"सायब, तुमी शिकलेलं हाय ते तिला ठावं हाय का पन?" चाचा म्हणाले. "नायतर जरा सांगून बगा."

साहेबांनी गाड्याकडे पाहिलं. देवीचे डोळे कवड्यांचे होते, मोठे. मग ते "मी वर कळवतो" म्हणत आत गेले. त्यांचा आचारी मात्र बाहेर आला, पिठाचे हात तसेच, काखेत वळकटी. गाड्याला हात जोडून चालू लागला तो थेट नगरच्या रस्त्याला. आम्ही उभेच. डबा वाजतच होता. थोड्या वेळाने बंगल्याच्या मागून टांग्याची चाकं वाजली आणि माळावर धूळ उठली.

माळी आला. मुठीत किल्ली.

"सायब कामानिमित्त गेलं. बाई, मी किल्ली दिली आसं म्हनू नगा. तुमी हिसकावली आसं म्हना."

"हिसकावली," मी म्हटलं आणि त्याने पुढे केलेल्या हातातून ती घेतली.

पोरं इथे हसतात. हसू देत.

मला मात्र त्या कुलपाचा आवाज आठवतो. खट्ट. बस, एवढंच होतं. सकाळी डॉक्टरांनी हात जोडले, माणसं मरताहेत म्हणून सांगितलं, शास्त्राने समजावलं. तेव्हा ते उघडलं नाही. कवड्यांचे डोळे आणि कापलेली लिंबं आली तेव्हा उघडलं. माणसाच्या मरणापेक्षा लिंबाचं वजन जास्त भरलं. रेड्याला आजार आणि पखालीला औषध, असं आपण म्हणतो. इथे औषध होतं, पखाल होती, रेडाही दारात उभा होता. फक्त एका सभ्य माणसाला आंघोळीची काळजी होती.

झाकण काढलं. पाणी खरंच काचेसारखं होतं. एक बादली, एक दोर, माळ्याने ओढायचं, पखालीत ओतायचं. डॉक्टरांनी साहेबांना सांगितलेली रीत आम्ही शेवटपर्यंत मोडली नाही. एकही घागर बुडाली नाही. साहेबांना दाखवायला मात्र साहेब नव्हते.

पाणी उकळलं, निवलं, मीठ पडलं, सुरई भरली. आक्काची शीर सापडेना. डॉक्टरांनी कातडी चिरून शोधली. मग माझी नेमणूक झाली. पट्टीच्या सगळ्या प्रकारांत पारंगत अशी मी, माझं काम काय, तर सुरई वर धरून उभं राहायचं. खुंटीचं. हात बधिर झाला, दुसरा लावला, तोही झाला. मध्येच आक्काला पेटके आले, तिने हात झटकला, सुई निसटणार तेवढ्यात डॉक्टर ओरडले, "तो हात बांधून टाक!"

जन्मात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा माझी विद्या कामाला आली. फळी लावली, त्रिकोणी पट्टी काढली आणि तो हात असा बांधला, की डॉक्टरांनी शेजारी वाकून बघितला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून हे म्हणजे पदकच.

दुसरी सुरई निम्मी झाली तेव्हा आक्काने डोळे उघडले. आधी छपराकडे पाहिलं, मग हाताकडे.

"ह्या बाईनं परत बांदलं व्हय मला?"

मी सुरई धरून रडत होते, म्हणजे अश्रू पुसायलाही हात मोकळा नव्हता.

ती बसती झाली तशी तिने विचारलं, गाडा कुठे आहे. मी म्हटलं, बंगल्याच्या फाटकातच. कामावरच्या माणसांत कुजबुज सुरू झाली होती, की तो आता पुढे न्यायला हवा. रस्त्याच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती, दहा-बारा घरांची. त्यांच्याकडे अजून रोग नव्हता.

"त्यांची इहीर हाय का?" आक्काने विचारलं.

"वाळूत खणलेला झिरा आहे ओढ्यात."

"मंग न्हाई. ती बी आपल्यावानीच, बिनइहिरीची." ती काठी टेकत बंगल्यापर्यंत गेली, वाटेत तीनदा बसली. देवीला उचलून आवारातल्या लिंबाच्या बुंध्याशी ठेवलं, ओटी भरायला काही नव्हतं म्हणून कपाळ टेकलं. मग माळ्याचा हातोडा मागितला. "आई हितं बसंल. गाडा फोडा. चुलीला लाकूड न्हाई." कुणी पुढे होईना, तेव्हा पहिला घाव तिनेच घातला. हातात जोर नव्हता, फळीवर नुसता ओरखडा उठला. बाकीचे घाव बाकीच्यांनी घातले. त्या लाकडावर पुढच्या सुरईचं पाणी उकळलं. तेल आणि कुंकवाने माखलेलं लाकूड, धूर म्हणजे धूर. डॉक्टर खोकत म्हणाले, "कुठलं लाकूड आणलंत हे?" कुणी सांगितलं नाही. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

आजोबांसाठी हे सगळं अर्धा दिवस उशिरा झालं. तेवढंच. मी हे घरात कधी सांगितलं नाही, कारण कुणीतरी नक्की म्हणणार, नशीब त्यांचं. नशीब नव्हतं. कुलूप होतं.

रोग ओसरला, गावाने शीव सोडली, मग साहेब परत आले. फाटकाबाहेर टांगा थांबवून त्यांनी आधी माळ्याला बोलावलं, मग डॉक्टरांना निरोप पाठवला. मी कोट ओढायला बरोबर गेले.

"ते... तिथलं काढलं ना?" साहेबांनी विचारलं.

"कुलूप ना? काढलं," डॉक्टर म्हणाले.

"मी गाड्याबद्दल म्हणतो आहे."

"गाडा? मी शास्त्र शिकलेला माणूस आहे, साहेब. मला गाडा दिसला नाही."

साहेबांनी मान हलवली आणि विहिरीकडे गेले. झाकण होतं, साखळी होती. "कुलूप कुठे आहे?"

चाचा हल्याला पाणी पाजत होते. मोठ्या अदबीने म्हणाले, "सायब, हल्याच्या पायाखाली गेलं. त्याला इंग्रजी वाचता येत न्हाई, कुलपावरचं नाव कळलं न्हाई त्याला."

साहेबांनी नगरला माणूस धाडला. नवं कुलूप दुसऱ्याच दिवशी आलं, चांगलं पितळी. आम्ही मागवलेल्या मिठाच्या गोळ्या मी माळ सोडून घरी परतले तोवर आलेल्या नव्हत्या.